बास्केटबॉलमधील दोन काळांतल्या खेळाडूंची तुलना नेमकी कशाच्या आधारे करावी?

धागाकर्ता

१९६१-६२ चा एनबीए (अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीग) हंगाम संपला तेव्हा विल्ट चेंबरलेनची सरासरी सामन्यामागे ५०.४ गुण आणि २५.७ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर मिळवलेला चेंडू) अशी होती. त्याच हंगामात ऑस्कर रॉबर्टसनने ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड आणि ११.४ असिस्ट (सहकाऱ्याच्या बास्केटसाठी दिलेला पास) अशी सरासरी राखली. तिन्ही रकान्यांत दुहेरी आकडा ठेवून संपूर्ण हंगाम पार पाडणारा तो पहिलाच खेळाडू. तरीही त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू, म्हणजे एमव्हीपी, ठरला तो १८.९ गुणांची सरासरी असलेला बिल रसेल. त्या काळी हे मतदान खेळाडू स्वतः करत असत. दुसरीकडे, वर्षाचा सर्वोत्तम संघ निवडताना सेंटरच्या (बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूच्या) जागी पहिल्या संघात चेंबरलेनला घेतले गेले आणि रसेलला दुसऱ्या संघात बसवले गेले. नऊ संघांच्या लहानशा लीगमध्ये वारंवार एकमेकांसमोर उभ्या राहणाऱ्या दोन सेंटरांपैकी श्रेष्ठ कोण, यावर त्यांना डोळ्यांसमोर खेळताना पाहणाऱ्यांचेही एकमत नव्हते. मग चाळीस-पन्नास वर्षांच्या अंतराने खेळलेल्या दोघांची तुलना आपण इतक्या सहजपणे कशी करतो, हा प्रश्न मला गंभीर वाटतो आणि त्यासाठीच हा धागा काढला आहे.

अशी तुलना करूच नये, असे माझे मत नाही. ती करावी, मात्र आकड्याला हात लावण्यापूर्वी त्यातला किती भाग त्या काळाने दिलेला आहे आणि किती भाग खेळाडूने स्वतः आणलेला आहे, हे वेगळे करून घ्यावे. काळाने जे दिले त्याने भागावे. खेळाडूने स्वतः जे आणले त्याने भागू नये. बहुतेक वाद या दोन गोष्टींची सरमिसळ झाल्यामुळे चिघळतात.

चेंबरलेनचेच उदाहरण पुढे नेतो. १९६१-६२ मध्ये एक संघ सामन्यामागे सुमारे १०८ वेळा बास्केटकडे चेंडू टाकत असे आणि त्यांतले ४२.६ टक्के प्रयत्न यशस्वी होत. हुकलेले प्रयत्न इतके अधिक, की प्रत्येक संघाच्या वाट्याला सामन्यामागे सत्तरच्या आसपास रिबाउंड येत. २०१६-१७ मध्ये रसेल वेस्टब्रुकने रॉबर्टसननंतर प्रथमच तिन्ही रकान्यांत दुहेरी सरासरी गाठली (३१.६, १०.७, १०.४), तेव्हा एका संघाला सामन्यामागे ४३-४४ रिबाउंड मिळत होते. म्हणजे लीगच्या सरासरीशी ताडून पाहिले तर रॉबर्टसनचे रिबाउंड संघाच्या एकषष्ठांशाच्या आसपास भरतात आणि वेस्टब्रुकचे जवळपास एक चतुर्थांश. वेस्टब्रुक तर रॉबर्टसनपेक्षा सामन्यामागे नऊ-दहा मिनिटे कमी खेळत होता. येथे छेद काळाने दिलेला आहे, म्हणून तो धरलाच पाहिजे. रॉबर्टसन गार्ड (बास्केटपासून दूर, चेंडू खेळवणारा) असूनही इतके रिबाउंड घेत होता हे त्याचे मोठेपण त्यामुळे नाहीसे होत नाही, मात्र ‘१२.५ हे १०.७ पेक्षा मोठे’ असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही.

चेंबरलेनच्या ५०.४ गुणांनाही खेळाच्या वेगाचा छेद लावावाच लागतो. तेव्हा टर्नओव्हर (फेक न करताच गमावलेला चेंडू) नोंदले जात नसल्याने संघाकडे चेंडू किती वेळा येत असे याचा केवळ अंदाज करता येतो; तो सामन्यामागे सव्वाशेच्या आसपास धरला जातो. आज तो शंभराच्या जवळपास आहे. या प्रमाणात आणल्यावर त्याचे गुण चाळिशीच्या घरात येतात. यानंतर बरेच जण आणखी एक पाऊल टाकतात आणि म्हणतात, की तो सामन्यामागे ४८.५ मिनिटे खेळत असे, आजचा खेळाडू ३५ मिनिटे खेळतो, म्हणून मिनिटांनीही भागा. असे भागल्यावर त्याचा हंगाम आजच्या कोणत्याही चांगल्या स्कोअररसारखा दिसू लागतो. मला हा दुसरा भागाकार मान्य नाही. सामना ४८ मिनिटांचा असतो. अतिरिक्त वेळ धरून त्याची सरासरी त्याहून वर गेली, याचा अर्थ तो संपूर्ण हंगाम जवळजवळ न थांबता खेळला. त्या लीगमधल्या दुसऱ्या कोणाला ते जमले नाही. वेगवान खेळ सर्वांना सारखाच मिळाला होता. ती मिनिटे मात्र त्याची एकट्याची होती.

तीन गुणांच्या रेषेलाही हीच कसोटी लावता येते. एनबीएमध्ये ती १९७९-८० मध्ये आली आणि पहिल्या हंगामात एक संघ सामन्यामागे तीनपेक्षाही कमी प्रयत्न करत असे, तेही २८ टक्के यशाने. लॅरी बर्डसारखा लांबून अचूक टाकणारा खेळाडू संपूर्ण कारकिर्दीत ६४९ तीन-गुणी बास्केट करून निवृत्त झाला, तर स्टेफ करीने २०१५-१६ या एकाच हंगामात ४०२ केले. या दोन आकड्यांवरून करी बर्डपेक्षा कितीतरी पटींनी चांगला नेमबाज होता असे म्हणणे चुकीचे ठरेल, कारण बर्डच्या काळातील प्रशिक्षक त्या फेकीला अडीअडचणीचा उपाय मानत. जेरी वेस्टला तर ती रेषा कधी मिळालीच नाही. मात्र करीचे सगळे श्रेय रेषेला देणेही तितकेच चुकीचे आहे. रेषा सर्वांना उपलब्ध होती. ड्रिबल करता करता, रेषेच्या कितीतरी मागून, दोन बचावपटू अंगावर असताना ४५ टक्के यश मिळवणे हे त्याने स्वतः आणले.

या कसोटीवर आपापली उदाहरणे घासून पाहावीत आणि ती कोठे अपुरी पडते ते स्पष्टपणे सांगावे, अशी सर्व वाचकांना विनंती आहे.

मध्यरेषा

मांडणी पटली, परंतु तिच्यात एक मोठी उणीव आहे असे मला वाटते. तुम्ही खेळाडूला त्याच्या समकालीनांशी ताडून मोजता. समकालीन जितके दुबळे, तितका श्रेष्ठ खेळाडू उंच दिसणार. चांगल्या खेळाडूंची संख्या वाढत जाते तसतसे सर्वोत्तम आणि सामान्य यांच्यातले अंतर आपोआप कमी होते, आणि ते कमी होण्याचे कारण सर्वोत्तम खेळाडू खालावला हे नसून सामान्य खेळाडू वर आला हे असते. त्यामुळे समकालीनांपासूनच्या अंतराचे माप जुन्या खेळाडूंना नेहमीच झुकते माप देईल.

एनबीएच्या बाबतीत हा केवळ तात्त्विक मुद्दा नाही. १९५० पर्यंत या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू खेळला नव्हता. त्या वर्षी अर्ल लॉइड, चक कूपर आणि नॅट क्लिफ्टन आले, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे एका संघात किती कृष्णवर्णीय घ्यायचे यावर अलिखित मर्यादा होती. सेंटर जॉर्ज मायकन त्या वर्षांतला निर्विवाद राजा. परंतु त्याच्यासमोर उभे राहू शकले असते असे अनेक जण कोर्टावर येऊच दिले गेले नाहीत. अमेरिकेबाहेरचे खेळाडू तर फार नंतर आले. आर्विदास सबोनिसला पोर्टलंडने १९८६ मध्ये निवडले, पण तो प्रत्यक्षात १९९५ मध्ये, वयाच्या तिशीत आणि गंभीर दुखापती झाल्यानंतर आला. २०२३-२४ चा हंगाम सुरू झाला तेव्हा लीगमध्ये ४० देशांतले १२५ परदेशी खेळाडू होते, आणि २०१९ पासून २०२५ पर्यंतचा प्रत्येक एमव्हीपी अमेरिकेबाहेर जन्मलेला आहे. सर्बियाचा सेंटर निकोला योकिच आज ज्या गर्दीतून वर येतो ती गर्दी मायकनच्या काळात नव्हती. हा फरक तुमच्या भागाकारात कोठे बसतो?

धागाकर्ता

मध्यरेषा यांचा आक्षेप मला आतापर्यंतचा सर्वांत वजनदार वाटतो, आणि मायकनच्या बाबतीत तो पूर्णपणे मान्य आहे. ज्या लीगने रंगावरून दारे बंद ठेवली, तिच्यातले अंतर हे बऱ्याच अंशी काळानेच दिलेले असते.

साठच्या दशकाच्या पूर्वार्धाबद्दल मात्र एक गोष्ट लक्षात आणून देतो. आठ-नऊ संघ, प्रत्येकात अकरा-बारा खेळाडू, म्हणजे संपूर्ण लीगमध्ये शंभराच्या आसपास जागा. आज तीस संघ आहेत. खेळाडूंचा पुरवठा तेव्हा लहान होता हे खरे, पण जागाही फार थोड्या होत्या. चेंबरलेन रसेलशी एका नियमित हंगामात नऊ-दहा वेळा भिडत असे आणि पुढे प्लेऑफमध्ये (नियमित हंगामानंतरच्या बाद मालिकांत) आणखी. आजच्या एखाद्या सेंटरला लीगमधल्या सर्वोत्तम बचावपटूसमोर इतक्या वेळा उभे राहावे लागत नाही. म्हणून ‘तेव्हा समोर कोणी नव्हते’ हे विधान १९४९ ला जितके लागू पडते तितके १९६५ ला पडत नाही.

दुसरे असे, की गर्दी वाढल्यावरही जो खेळाडू मोठे अंतर निर्माण करतो त्याला त्याचे जास्त श्रेय मिळाले पाहिजे, हे तुमच्या आक्षेपातूनच निघते. एका हंगामातील सर्वाधिक तीन-गुणी बास्केटचा विक्रम रे ॲलनने २००५-०६ मध्ये २६९ वर नेला होता. करीने २०१२-१३ मध्ये २७२, २०१४-१५ मध्ये २८६ आणि पुढल्याच हंगामात ४०२ केले. दाट गर्दीत विक्रम सहसा इंचाइंचाने सरकतात. हा विक्रम तीन वर्षांत निम्म्याने वाढला. त्या हंगामात एमव्हीपीसाठी करीला सर्वच्या सर्व पहिल्या पसंतीची मते मिळाली. एनबीएच्या इतिहासात असे प्रथमच घडले होते.

बोर्डाखाली

वरची सगळी चर्चा गुणांभोवती फिरते आहे. बास्केटबॉलचा अर्धा खेळ बचावाचा असतो आणि त्या अर्ध्या भागाची नोंदच कित्येक दशके केली गेलेली नाही. एनबीएने ब्लॉक (प्रतिस्पर्ध्याची फेक हवेतच अडवणे) आणि स्टील (चेंडू हिसकावणे) १९७३-७४ पासून मोजायला सुरुवात केली, टर्नओव्हर १९७७-७८ पासून. म्हणजे रसेल आणि चेंबरलेन या दोघांच्या नावावर अधिकृतपणे एकही ब्लॉक नाही, कारण रसेल १९६९ मध्ये आणि चेंबरलेन १९७३ मध्ये निवृत्त झाला. एका सामन्यातील सर्वाधिक ब्लॉकचा विक्रम एल्मोर स्मिथच्या नावावर आहे: १७, ऑक्टोबर १९७३. नोंद सुरू झाली त्याच हंगामाच्या सुरुवातीचा हा विक्रम अजून टिकून आहे. त्याआधीच्या सतरा-अठरा वर्षांत या दोघांनी किती सामन्यांत याहून अधिक ब्लॉक केले असतील, हे कधीच कळणार नाही.

आणि ब्लॉक मोजले असते तरी रसेल त्यात पुरता सापडला नसता. इतर उंच खेळाडू चेंडू प्रेक्षकांत भिरकावत; रसेल तो हलकेच थोपवून आपल्याच सहकाऱ्याच्या हाती जाईल असा टाकत असे, आणि तेथूनच त्याच्या संघाचा, बोस्टन सेल्टिक्सचा, वेगवान प्रतिहल्ला सुरू होई. नोंदवहीत दोन्ही एकच ब्लॉक. कोर्टावर मात्र एकातून प्रतिस्पर्ध्याला पुन्हा चेंडू मिळतो आणि दुसऱ्यातून आपल्याला दोन गुण. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तो तेथे उभा आहे म्हणून जो प्रतिस्पर्धी आत घुसलाच नाही, त्याची नोंद आजही कोणत्याच रकान्यात होत नाही.

म्हणून रसेलसाठी मी वेगळा पुरावा मांडतो. तो येण्यापूर्वी सेल्टिक्सने एकही विजेतेपद मिळवले नव्हते. त्याच्या १३ हंगामांत ११ मिळाली. जी दोन हुकली त्यांपैकी १९५८ च्या अंतिम मालिकेत त्याचा घोटा दुखावला होता. तो आणि सॅम जोन्स निवृत्त झाल्यावर पुढच्याच हंगामात संघ ३४ सामने जिंकून ४८ हरला आणि प्लेऑफलाही पात्र ठरला नाही. मालिकेच्या निर्णायक सातव्या सामन्यात रसेल दहा वेळा उतरला आणि दहाही वेळा जिंकला. १९६२ च्या अंतिम मालिकेतील सातवा सामना अतिरिक्त वेळेत गेला. त्यात त्याचे ३० गुण आणि ४० रिबाउंड होते. खेळाडूंनी त्या वर्षी त्याला मत का दिले, याचे उत्तर त्यांना तोपर्यंत ठाऊकच होते असे मी मानतो.

मध्यरेषा

रसेलच्या श्रेष्ठत्वाबद्दल माझा वाद नाही. तरीही विजेतेपदांची संख्या मोजताना हे सांगितलेच पाहिजे, की त्याच्या बहुतेक वर्षांत सेल्टिक्सला विजेतेपदासाठी दोनच मालिका जिंकाव्या लागत. आज चार जिंकाव्या लागतात, आणि २००३ पासून चारही सातपैकी चार विजयांच्या असतात. धागाकर्त्यांच्या भाषेत सांगायचे तर मालिकांची संख्या हा काळाने दिलेला छेद आहे. लेब्रॉन जेम्स २०११ ते २०१८ अशी सलग आठ वर्षे अंतिम मालिकेत पोचला आणि त्यासाठी त्याला दर वर्षी आधी तीन मालिका जिंकाव्या लागल्या, तीही दोन वेगवेगळ्या संघांकडून खेळताना. ‘११ विरुद्ध ४’ एवढेच लिहून थांबणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

कमकुवत हात

मायकेल जॉर्डन आणि लेब्रॉन यांच्याविषयी कोणीतरी लिहिणारच होते, म्हणून नियमांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण या वादात अर्धेच नियम सांगितले जातात.

जॉर्डनचे समर्थक म्हणतात, की त्याच्या काळात बचावपटू हाताने अडवू शकत असे, तर २००४-०५ पासून ही हँड-चेकिंगची मोकळीक कडकपणे बंद झाली. हे खरे आहे, आणि परिणामही लगेच दिसला: संघाची सामन्यामागची सरासरी ९३ च्या आसपास होती ती एकाच वर्षात ९७ वर गेली. चपळ गार्डांसाठी तो मोठा बदल होता.

परंतु त्याच जॉर्डनच्या काळात झोन बचावाला बंदी होती, हे सांगायचे राहून जाते. बचावपटूला आपल्या माणसाजवळ राहावे लागे. चेंडूपासून दूर, बास्केटसमोर गर्दी करून उभे राहता येत नसे. त्यामुळे एका बाजूला जॉर्डन आणि त्याचा बचावपटू, आणि उरलेले आठ जण दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी करणे सोपे होते. ही बंदी २००१-०२ मध्ये उठली आणि तिच्या जागी बचावपटूला पेंटमध्ये (बास्केटसमोरच्या आखलेल्या भागात) तीन सेकंदांपेक्षा जास्त निष्कारण थांबता येणार नाही, असा नियम आला. म्हणजे आजच्या खेळाडूला पहिल्या बचावपटूचा हात सोसावा लागत नाही, पण दुसरा आणि तिसरा बचावपटू वाटेत आधीच उभा असतो. जॉर्डनची परिस्थिती नेमकी उलटी होती. यांतले सोपे कोणते, याचे उत्तर खेळाडूच्या घडणीवर अवलंबून आहे. जॉर्डनला आजची मोकळी जागा नक्कीच मानवली असती. पण लेब्रॉनसारख्या धिप्पाड खेळाडूसमोर मदतीला कोणी येऊच शकत नाही असा नियम असता, तर त्याला कोणत्या हाताने अडवले असते?

आणखी एक बारकावा आहे. १९९४-९५ ते १९९६-९७ या तीन हंगामांत तीन गुणांची रेषा सर्वत्र २२ फुटांवर, म्हणजे जवळ आणली होती. जॉर्डनचे तीन-गुणी यश १९९५-९६ मध्ये ४२.७ टक्के होते. संपूर्ण कारकिर्दीत ते ३२.७ टक्के आहे. या हंगामाचा दाखला देऊन तो लांबूनही तितकाच अचूक होता असे म्हणू नये. त्याचे खरे वेगळेपण मला १९८७-८८ मध्ये दिसते, जेव्हा तो एकाच हंगामात गुणांच्या सरासरीत पहिला होता, एमव्हीपी होता आणि सर्वोत्तम बचावपटूही होता. त्यात रेषेचा काहीही वाटा नव्हता.

उशिरा आलेली लीग

आतापर्यंत सर्वांनी पुरुषांच्या लीगविषयीच लिहिले आहे. महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉलला ही कसोटी लावली तर ती कोठे अडखळते ते दिसेल.

डब्ल्यूएनबीए या महिलांच्या लीगचा पहिला हंगाम १९९७ मध्ये झाला. सिंथिया कूपर तेव्हा ३४ वर्षांची होती. तिने पहिल्या दोन्ही वर्षी एमव्हीपीचा मान मिळवला आणि पहिली चारही विजेतेपदे तिच्या ह्यूस्टन कॉमेट्सने जिंकली. ज्या वयात बहुतेक खेळाडू निवृत्तीच्या तयारीत असतात, त्या वयात ती लीगवर राज्य करत होती. तिची उमेदीची वर्षे युरोपातल्या संघांकडून खेळण्यात गेली होती. शेरिल मिलर ही तिच्या पिढीतली सर्वांत प्रभावी खेळाडू मानली जाई, पण गुडघ्याच्या दुखापतींमुळे तिचा खेळ लीग सुरू होण्यापूर्वीच थांबला, आणि तिच्या नावावर डब्ल्यूएनबीएतील एकही गुण नाही.

पुढे काळ बदलला तसे छेदही बदलले. पहिल्या हंगामात २८ सामने होते, २०२३ मध्ये ४० झाले आणि २०२५ मध्ये ४४. शॉट क्लॉक (फेक करण्याची वेळमर्यादा) २००६ मध्ये ३० सेकंदांवरून २४ वर आले. एजा विल्सनने २०२४ मध्ये एका हंगामात हजार गुणांचा टप्पा ओलांडला आणि तो ओलांडणारी ती पहिली ठरली. सामने वाढल्याचा त्यात वाटा आहे, पण सामन्यामागची सरासरीही तिचीच सर्वाधिक होती, त्यामुळे तो आकडा केवळ वेळापत्रकाचा नाही. हे सर्व तुमच्या पद्धतीत नीट बसते. मिलर मात्र बसत नाही. काळाने जिला काहीच दिले नाही तिच्यासाठी भागाकार कशाने करणार? माझ्या मते अशा खेळाडूंना यादीबाहेर ठेवण्याऐवजी, यादी कोणत्या लीगपुरती आहे हे शीर्षकातच लिहावे.

धागाकर्ता

शेवटची सूचना मला पूर्ण मान्य आहे. ‘आजवरचा सर्वश्रेष्ठ बास्केटबॉलपटू’ असे लिहायचे आणि मनात फक्त एनबीए धरायची, हे ऑस्कर श्मिटसारख्या, कधीच एनबीएत न खेळलेल्या स्कोअररवरही अन्यायाचे आहे. ‘बोर्डाखाली’ यांनी बचावाबद्दल जे लिहिले त्यानेही माझ्या कसोटीत भर पडली: जेथे नोंदच नाही तेथे संघाचे आधीचे, मधले आणि नंतरचे निकाल हाच पुरावा मानावा लागेल.

पाच दुवे

मला एक वेगळा मार्ग सुचवायचा आहे. दोन काळांतले खेळाडू एकमेकांसमोर आले नाहीत, हे खरे. परंतु मधले खेळाडू दोन्ही काळांत खेळले आहेत. चेंबरलेन १९५९ ते १९७३ खेळला. करीम अब्दुल-जब्बार १९६९ मध्ये आला आणि १९८९ पर्यंत खेळला. हकीम ओलाजुवॉन १९८४ ते २००२, टिम डंकन १९९७ ते २०१६, आणि निकोला योकिच २०१५ पासून आजपर्यंत. पाच माणसांत १९५९ पासून आजवरचा सगळा काळ जोडला जातो आणि प्रत्येक दुव्यावरचे दोघे एकमेकांविरुद्ध प्रत्यक्ष खेळलेले आहेत.

अर्थात दुवा जुळतो तेव्हा एक जण उतरणीवर असतो आणि दुसरा चढणीवर, त्यामुळे नव्याने जुन्याला हरवले यातून फारसे काही सिद्ध होत नाही. २०१५-१६ मधला डंकन चाळिशीला टेकलेला होता आणि योकिच नवखा होता. त्या सामन्यांवरून निष्कर्ष काढणे व्यर्थ आहे. मात्र जेव्हा उलटे घडते, म्हणजे उतरणीवरचा खेळाडू चढणीवरच्या खेळाडूला भारी पडतो, तेव्हा तो पुरावा मोलाचा ठरतो. असे एक उदाहरण या साखळीत आहे. १९७१-७२ मध्ये वर्षाच्या पहिल्या संघात सेंटर म्हणून करीमची निवड झाली आणि चेंबरलेन दुसऱ्या संघात होता. ते एरवीचे वयाचे गणित झाले. परंतु १९८५-८६ मध्ये पुन्हा करीमच पहिल्या संघात होता, सामन्यामागे २३.४ गुणांच्या सरासरीने, आणि दुसऱ्या संघात होता तेवीस वर्षांचा ओलाजुवॉन. करीम त्या हंगामात एकोणचाळीस वर्षांचा झाला. त्या वर्षी पश्चिम विभागाची मालिका ओलाजुवॉनच्या ह्यूस्टननेच जिंकली, हेही नमूद करतो.

कमकुवत हात

साखळीची कल्पना चांगली आहे, पण ती दीर्घायुषी खेळाडूंनाच उजळवते. बर्नार्ड किंगचा गुडघा १९८५ मध्ये, तो गुणांच्या सरासरीत लीगमध्ये पहिला असताना, फाटला आणि जवळपास दोन हंगाम वाया गेले. केव्हिन ड्युरंटच्या टाचेचा स्नायुबंध २०१९ मध्ये तुटला आणि तो पूर्वीच्याच दर्जाने परतला. शस्त्रक्रिया, पुनर्वसन, प्रवासाची सोय, विश्रांतीचे नियोजन हे सगळे काळाने दिलेले आहे. लेब्रॉनची बावीस-तेवीस हंगामांची कारकीर्द मोजताना हा छेद धरायला नको का?

धागाकर्ता

धरायला हवा, आणि तसा तो धरल्यावरच माझे मत करीमकडे झुकते.

लेब्रॉनने ७ फेब्रुवारी २०२३ रोजी करीमचा ३८,३८७ गुणांचा विक्रम मोडला, तेही दीडशे सामने कमी खेळून. त्याच्या बाजूने काळाने काय दिले ते पाहू. तो शाळेतून थेट, अठराव्या वर्षी लीगमध्ये आला आणि करीम ज्या वयाला आला त्या वयापर्यंत त्याचे आठ हजारांहून अधिक गुण झाले होते. करीमच्या वेळी शाळा सोडल्यावर चार वर्षे थांबणे बंधनकारक होते. तो नियम स्पेन्सर हेवूडच्या खटल्यानंतर, १९७१ मध्ये मोडला. इतकेच नव्हे, करीम विद्यापीठात असताना १९६७ मध्ये महाविद्यालयीन स्पर्धांत डंक करण्यावरच बंदी आली. लेब्रॉनने त्या दिवसापर्यंत दोन हजारांहून अधिक तीन-गुणी बास्केट केले होते; करीमने संपूर्ण कारकिर्दीत एक केले. हे सगळे वजा केले तर विक्रम करीमचाच राहतो असे मी म्हणणार नाही, कारण लांबून टाकायला शिकणे आणि वयाच्या चाळिशीपर्यंत शरीर राखणे हे लेब्रॉनने स्वतः आणलेले आहे. चाळिशीत सर्वोत्तम पंधरांमध्ये निवड होणारा दुसरा कोणी नाही.

तरीही करीमला मी त्याच्या वर ठेवतो ते साखळीत त्याचा दुवा जेथे येतो त्यामुळे. त्याच्या वीस वर्षांत एबीए या प्रतिस्पर्धी लीगमधले चार संघ १९७६ मध्ये सामावले गेले, तीन गुणांची रेषा आली, खेळाचा वेग घटला आणि दोन वेगळ्या पिढ्यांचे सेंटर त्याच्यासमोर येऊन गेले. अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तो १९७१ मध्ये मिलवॉकीकडून ठरला आणि पुन्हा १९८५ मध्ये लॉस एंजेलिसकडून. मधे चौदा वर्षे. सहा एमव्हीपी त्याच्या नावावर आहेत आणि तितके अन्य कोणाकडेही नाहीत. स्कायहूक ही त्याची हात डोक्यावरून वळवून टाकलेली फेक चेंबरलेनला पुरती थोपवता आली नाही, ओलाजुवॉनलाही आली नाही, आणि तिला मदत करणारा एकही नियम त्या वीस वर्षांत आला नाही.

‘बोर्डाखाली’ यांना रसेल पहिला वाटेल हे मी जाणतो, आणि तेरा वर्षांत अकरा विजेतेपदांसमोर माझ्याकडे एकच उत्तर आहे: रसेलचा काळ एकच होता. मध्यरेषा यांनी गर्दीचा जो मुद्दा मांडला, त्याच्या आधारे योकिचचे हंगाम कसे मोजावेत हे त्यांनी आता सविस्तर लिहावे, म्हणजे साखळीचा शेवटचा दुवाही तपासून पाहता येईल.